आपल्यातलीच कुणीतरी

माझ्या वडिलांचं नाव मतदार यादीतून गेलं, त्याला आता बरेच महिने झाले. ते परत यावं म्हणून मी धडपडते आहे आणि ते मला धडपडू देत नाहीत. नाव कसं गेलं यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. घरात माणसंही दोनच आहेत.

आधी आमच्याबद्दल सांगते. आम्ही बेंगळूरचे मराठी. आमची माणसं इथे कधी आली ते कुणालाच नीट माहीत नाही, आजोबांच्या आजोबांचाही जन्म इथलाच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. आमची मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो आधी हसतो आणि मग विचारतो, हे कुठलं. 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब, 'सरी' म्हणजे बरं. थोरल्या माणसाला अण्णा, थोरल्या बाईला अक्का. आमच्या घरात तर वडिलांनाही अण्णाच म्हणतात. ही भाषा आम्ही फक्त बोलतो, लिहीत नाही. अण्णांना जेमतेम कन्नड वाचता येतं, तेही दुकानांच्या पाट्या आणि बसवरची गावं एवढंच. मी कन्नड शाळेत शिकले. मराठी लिहायला मोठेपणी शिकले, शाळेतल्या हिंदीच्या लिपीवर, कुणाच्या शिकवणीशिवाय. आमच्या सगळ्या घराण्यात पहिली पदवी माझी. कुणी विचारत नाही, तरी मी सांगते.

अण्णांनी उभा जन्म चिकपेटेत एका साड्यांच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडल्या. आता घरी असतात, राजाजीनगरला. मी इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत हिशेब बघते आणि तिथेच भाड्याने राहते, कारण राजाजीनगरहून रोज येणंजाणं म्हणजे नोकरीवर आणखी एक नोकरी. शनिवारी घरी जाते. माझा कागदोपत्री पत्ता अजून तोच आहे.

आई गेल्यावर अण्णांना मोठा फोन मीच घेऊन दिला. आमच्या समाजाचा ग्रुप आहे. तिथे लिहिलेलं फारसं काही येत नाही, सगळं बोलून पाठवतात. कोण वारलं, कुणाकडे हळदीकुंकू आहे, देवळातल्या हॉलमध्ये जेवण किती वाजता आहे. अण्णा फोन खिडकीत ठेवून दाढी करता करता ऐकायचे. मध्येच आरशाकडे बघून 'हो की' म्हणायचे, समोर कुणी बसल्यासारखं. आई गेल्यावर घरात आमची मराठी बोलणारं तेवढंच उरलं होतं. मी बोलते, पण ऑफिसातल्या पुण्या-मुंबईच्या मुलींबरोबर राहून माझी बदलली. अण्णा म्हणायचे, "पुट्टी, तू आता पावणी आल्यासारखी बोलतेस." पुट्टी म्हणजे छोटी. मी तिशी ओलांडली तरी त्यांची पुट्टीच.

निवडणुकीला काही महिने होते, पण फोनवर प्रचार केव्हाच सुरू झाला होता. जोडलेले फोटो, कापलेली भाषणं, कुणाच्या तोंडी कुणाचं बोलणं. त्यातलं बरंचसं कन्नडमध्ये नाहीतर हिंदीत असे, आणि अण्णा त्यावर फार विश्वास ठेवत नसत. "दुकानात नवा माल आला की आम्ही पण असंच बोलायचो," म्हणायचे आणि पुसून टाकायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा. ऑफिसातल्या इंजिनियर पोरांचे बाप वाट्टेल ते खरं मानत होते आणि माझा पाट्या वाचणारा बाप मानत नव्हता.

मग तो आवाज आला.

बाईचा आवाज, चाळिशी-पन्नाशीचा, घाई नसलेला. आमच्या मराठीत, अगदी आतल्या मराठीत. "अण्णा, अक्का, स्वल्प ऐका. यादी बघायची म्हणून घरोघर येऊन सह्या मागायलेत. आपल्या मराठी माणसांची नावं काढायचं काम चाललंय हे. राजाजीनगरात सुरू झालंय. दार उघडू नका..." इथे कुकरची शिट्टी होते. बाई म्हणते, "थांबा, गॅस बारीक करते." भांड्याचा आवाज, पावलं, आणि मग पुन्हा बोलणं: "सही देऊ नका. फोनवर नंबर येतो तो कुणालाही सांगू नका. आपल्या सगळ्या घरांना हे कळवा."

त्या शनिवारी मी घरी गेले तर अण्णांनी चपला काढायच्या आधी मला ते ऐकवलं. खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर बरंच वाटलं. आईच्या माहेरच्या बायका अशाच बोलतात.

"कोण आहे ही?" मी विचारलं.

"आपल्यातलीच कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे कोण? नाव काय, घर कुठलं?"

"ही भाषा आपल्याशिवाय कोण बोलतं? सांग की. सगळ्या बेंगळूरात शोध."

 त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ही भाषा शिकवणारा क्लास नाही, पुस्तक नाही. ती बोलणारा माणूस कुठेतरी नात्यातच निघतो. चिकपेटेत एखादी बाई साडी बघताना सोबतच्या बाईशी आमच्या मराठीत बोलली की अण्णा लगेच त्याच मराठीत उत्तर द्यायचे, आणि मग ती बाई दुसऱ्या दुकानाची पायरी चढायचीच नाही. मी ते लहानपणी कितीदा बघितलंय.

मी म्हटलं, "तुम्ही पण गिऱ्हाइकाला अक्का म्हणूनच साडी विकायचात ना?"

ते दुखावले. "विकली. पण अक्का म्हणून खोट्या जरीची कधी गळ्यात मारली नाही. आणि कुकर लावून कुणी खोटं बोलतं का, पुट्टी?"

खरी गोष्ट अशी होती की यादी नव्याने तपासली जात होती. आमच्या गल्लीचं काम अंगणवाडीच्या टीचरकडे होतं. ही टीचर काही परकी नाही. पलीकडच्या गल्लीत राहते, कन्नड बोलते, गल्लीतल्या सगळ्या पोरांना पोलिओचे थेंब तिनेच पाजले. आई आजारी होती तेव्हा दवाखान्यात भाताचा डबा घेऊन आली होती. तिने प्रत्येक घरी जाऊन छापील कागदावर सही घ्यायची. ज्याची सही येणार नाही त्याचं नाव नव्या यादीत नसणार. एवढा साधा नियम. म्हणजे नाव राखायचं तर सही द्यायची, आणि तो आवाज सांगत होता की नाव राखायचं तर सही देऊ नका.

टीचरने मला ऑफिसात फोन केला. "अग, तुमच्या घरी दोनदा जाऊन आले. आत टीव्ही चालू असतो, मी हाक मारली की बंद होतो. तुमच्या सगळ्याच लोकांकडे असं होतंय. माझं काही चुकलं का?"

मला लाज वाटली. मी तिला म्हटलं, रविवारी या, मी असते.

त्याआधी मी माझ्या पद्धतीने तयारी केली. सरकारी पानं छापून घेतली, अशा अफवा खोडून काढणारा एक इंग्रजी लेख घेतला. अण्णांसमोर टीपॉयवर सगळं मांडलं. त्यांनी चष्मा लावून कागदांकडे बघितलं, वाचता येत नसलेल्या माणसाने आदराने बघावं तसं, आणि परत माझ्याकडे सरकवले. "तुझं बरोबर असेल. पण हे लिहिणारा आपल्याला ओळखतो का?"

मग मी तो आवाज कुणाचा ते शोधायचं ठरवलं. त्याच आठवड्यात समाजाच्या हॉलमध्ये एक बारसं होतं. जेवणाच्या पंगती उठल्यावर बायका पान लावत बसल्या होत्या, तिथे मी फोन धरला आणि विचारलं, हा आवाज कुणाचा.

"अग, मल्लेश्वरमच्या मामींचा नाही का?"

"मामींचा कसा, त्यांना धाप लागते. ही तुमकूरच्या आत्यांची मधली सून."

"सून नाही ग, त्यांची बहीण. मी तिच्या लग्नाला होते."

मी म्हटलं, तिचा नंबर द्या. नंबर कुणाकडे नव्हता. बाकी ज्यांचे मिळाले त्यांना तिथल्या तिथे फोन लावले. मल्लेश्वरमच्या मामी म्हणाल्या, मी नाही, पण ऐकल्यावर मला वाटलं तुमच्याकडच्याच कुणाचा आहे. तुमकूरची सून म्हणाली, मी तर हे राजाजीनगरच्यांकडून ऐकलं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, आणि मला छळत होतं ते हे की कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

एक वयस्कर अक्का, नात्याने आईची चुलत बहीण, सुपारी कातरत म्हणाली, "एवढी डिग्री घेतलीस, आणि आपल्या माणसाचा आवाज ओळखू येईना?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, हसावंच लागलं.

पण एक गोष्ट हाती लागली. चामराजपेटच्या एका वहिनींच्या फोनवर तोच आवाज होता, फक्त त्यात 'राजाजीनगरात सुरू झालंय'च्या जागी 'चामराजपेटेत सुरू झालंय' होतं. बाकी सगळं तेच. तीच शिट्टी, त्याच शब्दाला. तेच 'थांबा, गॅस बारीक करते'. तीच पावलं. म्हणजे कुणीतरी एकदा कुकर लावला होता आणि मग पेठेपेठेची नावं बदलून तो पुन्हापुन्हा वाजवला होता. तो मी माझ्या फोनवर मागून घेतला. मला वाटलं, झालं, आता जिंकले. घरी आले आणि अण्णांना दोन्ही फोन शेजारी ठेवून एकामागून एक ऐकवले. शिट्टीपाशी त्यांचा हात धरला. "ऐका. एकच शिट्टी. दोन ठिकाणी एकच शिट्टी कशी होईल?"

अण्णांनी पुन्हा लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "दोन्हीकडे कळवलंय तिने. चामराजपेटेत पण आपली माणसं आहेत की."

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मी रागावले होते, त्यांना समजावत होते, थोडी शहाणपणाची मजाही वाटत होती. आता कळलं की माझ्याकडे दाखवायला याहून मोठं काही नाही.

रविवारी टीचर आली. मी दार उघडलं. अण्णा उठून उभे राहिले, बसा म्हणाले, गुडघे कसे आहेत विचारलं. मी माझ्या कागदावर सही केली. टीचरने दुसरा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"पुट्टी, टीचरना कॉफी दे."

"अण्णा, दोन मिनिटांचं काम आहे," टीचर कन्नडमध्ये म्हणाली. "तुमचं नाव राहावं म्हणूनच मी तिसऱ्यांदा आले."

"तुमच्यावर माझा काही राग नाही. तुम्हाला वरून सांगितलंय, तुम्ही काय करणार. कॉफी घ्या, टीचर. सही नको."

तिने कॉफी घेतली. फुंकर मारत, सावकाश, जणू तेवढ्यात त्यांचं मन बदलेल. अण्णांनी तिला बिस्किटाची बशी पुढे केली. कप खाली ठेवून तिने कागद पिशवीत घातला आणि मला म्हणाली, "जे झालं तेच मला लिहावं लागेल." मी तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले. तिला माझ्याशी बोलायचं नव्हतं बहुतेक, कारण ती भराभर चालत होती.

नंतर फोनवरूनही अर्ज करता येत होता. मी अण्णांच्या नावाने सगळं भरलं. शेवटी त्यांच्या फोनवर ओटीपीचा नंबर आला. मी म्हटलं, वाचा. त्यांनी फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला तिथे थांबवेना. "तू पण नंबर मागतेस?" एवढंच म्हणाले. मी लॅपटॉप मिटला. त्यांच्या हातून फोन हिसकावता आला असता, अंगात तेवढं बळ होतं. आपल्या बापाचा फोन हिसकावून त्याचं मत वाचवायचं का, हे मला कुठल्याच कॉलेजने शिकवलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी अण्णा नेहमीसारखे तयार झाले. पांढरा शर्ट, इस्त्रीचं पांढरं धोतर. आई होती तेव्हा दोघं सकाळी दार उघडायच्या आधी मतदानाच्या शाळेपाशी जाऊन उभे राहायचे, पहिल्यात आपला नंबर लागावा म्हणून. मत देऊन झालं की कोपऱ्यावरच्या हॉटेलात डोसा. शाई दाखवली की मालक त्या दिवशी कॉफी फुकट द्यायचा, आणि त्या फुकटच्या कॉफीचं आईला फार कौतुक होतं. अण्णा मत देत आले ते या सगळ्यासकट.

मी त्यांना आधीच सांगितलं होतं की नव्या यादीत तुमचं नाव नाही, मी बघितलंय. "जाऊन बघू की," म्हणाले.

शाळेत टेबलामागच्या मुलीने बोट फिरवत यादी दोनदा बघितली. "इल्ला, सर," नाही. मग माझं बघितलं. ते होतं. अण्णा बाजूला झाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले, मागच्यांना वाट मोकळी करून. त्यांनी आवाज चढवला नाही, वाद घातला नाही. मी आत जाऊन मत देऊन आले तेव्हा ते तिथेच होते, दोन्ही हात पाठीमागे.

बाहेर आल्यावर म्हणाले, "फोनवरच्या त्या बाईने सांगितलं होतं."

"अण्णा, सही दिली नाही म्हणून गेलं. मी दिली, माझं राहिलं. एकाच घरातली आपण, बघा की."

"तेच सांगतोय. त्यांना सहीच हवी होती."

मी रस्त्यात थांबले. मला त्यांच्याशी भांडता आलं असतं, पण त्यांच्या बोलण्याला कुठून धरावं तेच कळेना. त्यांच्या हिशेबात सगळं जुळत होतं. आवाजाने सांगितलं होतं की नावं काढणार. नाव गेलं होतं. मध्ये काय झालं याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती.

हॉटेलात ते आले, पण बसले नाहीत. मालकाने गल्ल्यावरून हात वर केला आणि बोट दाखवा म्हणाला, नेहमीच्या थट्टेत. अण्णांनी हात खिशात घातला आणि कॉफीचे पैसे काउंटरवर ठेवले. मालक गोंधळला. माझ्या बोटाची शाई अजून ओली होती, मी ती ओढणीत लपवली, का ते माहीत नाही. कॉफी न घेताच आम्ही घरी आलो.

घरी मी स्वयंपाकघरात कॉफी करायला घेतली. अण्णा पुढच्या खोलीत होते. ते हळू आवाजात काहीतरी बोलत होते, मला वाटलं कुणाचा फोन असेल. कॉफी ओतून मी हाक मारली, "अण्णा, या, गार होतेय." ते म्हणाले, "आलो, पुट्टी." आले, प्यायले. आईच्या फोटोकडे बघत बसले.

त्या निवडणुकीत कोण आलं, कोण पडलं, याने आमच्या घरात काही फरक पडला नाही. समाजातल्या कितीतरी घरांची नावं अशीच गेली होती. टीचर आता रस्त्यात भेटली तर मला हसते, अण्णांना नमस्कार करते, पण थांबत नाही. त्या बाईचा आवाज पुन्हा आला नाही. काम झालं असेल तिचं.

मध्यंतरी पुन्हा दुसऱ्या एका निवडणुकीची हवा सुरू झाली. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत माझी पुण्याची मैत्रीण फोन घेऊन आली. "अगं ऐक ना, काकांनी पुण्याहून पाठवलंय. इकडच्या मराठी लोकांची नावं काढतायत म्हणे. आणि ही मराठी ऐक, कसली गोड आहे."

तिने लावलं.

"मी राजाजीनगरहून बोलतोय. माझं वय झालं, मी खोटं बोलत नाही. आज जाऊन आलो. माझं नाव काढलं. आपल्या त्या बाईंनी सांगितलेलं खरं निघालं. सही देऊ नका, दार उघडू नका..." आणि मग मागून, जरा लांबून, एका मुलीची हाक: 'अण्णा, या, गार होतेय.' आणि 'आलो, पुट्टी'.

मैत्रीण हसत होती. "मागे मुलगी कॉफीला बोलावतेय बघ. म्हणून तर काका म्हणाले, हे काही बनवलेलं नाही."

माझ्या डब्यातला भात तसाच राहिला. मला तिला सांगायचं होतं की यातलं एकेक वाक्य खरं आहे. नाव गेलंय हे खरं, माणूस खरा, कॉफीही खरी. पण मग ती म्हणाली असती, म्हणजे काका बरोबरच होते. आणि पुढचं सांगायला टीचरपासून, कुकरपासून सुरुवात करावी लागली असती, आणि सुट्टी संपत आली होती.

"पुढे पाठवू नकोस," मी म्हटलं.

"का? खोटं आहे?"

"ती मुलगी मी आहे."

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. तिने कुणाकुणाला आधीच पाठवलं होतं, ते तिच्या तोंडावरून कळत होतं.

शनिवारी मी नव्याने नाव नोंदवायचा अर्ज घेऊन घरी गेले. तो अजून टीपॉयवर आहे, सहीची जागा मोकळी. अण्णा त्यावर पेपर ठेवत नाहीत, कप ठेवत नाहीत. माझा कागद म्हणून जपून बाजूला सरकवतात, आणि खिडकीतल्या फोनवर कुणीतरी आमच्या मराठीत बोलायला लागलं की आवाज वाढवतात.